करडा सील आणि पठाणी होला: तुलना करायची तरी कशाची?

बार्शीकरीण

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे. पुढच्या शुक्रवारी लेकीला वर्गासमोर उभं राहून तीन मिनिटं बोलायचंय.

आम्ही इंग्लंडमध्ये नॉर्विचला राहतो. मी मूळची बार्शीची. मुलगी ९ वर्षांची आहे. शाळेत बाईंनी दोन डबे ठेवले होते. एकात नॉरफकच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, किनाऱ्यावरच्या प्राण्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात परसात येणाऱ्या पक्ष्यांच्या. प्रत्येकानं दोन्हींतून एकेक चिठ्ठी उचलायची आणि जे दोन जीव येतील त्यांची तुलना करायची. हिच्या वाट्याला आला ग्रे सील, म्हणजे करडा सील, आणि कॉलर्ड डव्ह, म्हणजे आपला पठाणी होला.

तिनं रविवारी कागदावर लिहिलं: सील मोठा, होला लहान. सील पोहतो, होला उडतो. सील मासे खातो, होला दाणे खातो. चार ओळी झाल्या आणि पेन्सिल ठेवून माझ्याकडे बघत बसली. मलाही पुढे काही सुचेना.

होल्याबद्दल मला दोन गोष्टी स्वतःच्या ठाऊक आहेत. एक म्हणजे गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या मागच्या भिंतीवर, डिश अँटेनाच्या पट्टीवर एका जोडप्यानं घरटं केलं होतं. घरटं कसलं, पंधरा-वीस काड्या आडव्यातिडव्या टाकलेल्या, खालून बघितलं तर अंडी दिसत होती. तरी दोन्ही पिल्लं उडाली. दुसरी गोष्ट म्हणजे मी आईशी व्हिडिओवर बोलत होते, खिडकी उघडी होती, आणि आई मधेच थांबून म्हणाली, "होला घुमतोय बघ. आपल्या लिंबावर बसलाय का तुझ्याकडं?" माझ्याकडचा होता. तिला वाटलं तिच्या दारातला.

सीलबद्दल मात्र मी कोरी आहे. बार्शीच्या माणसानं सील कुठं बघितलेला असणार! या दोघांत खरंच काही तुलना करण्यासारखं आहे का? की लेकीला बाईंकडून चिठ्ठी बदलून घ्यायला सांगू?

कृष्णाकाठ

चिठ्ठी अजिबात बदलू नकोस. फार चांगली जोडी आली आहे.

मी कराडजवळच्या एका महाविद्यालयात ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. लेकीला सांग, रंग, आकार, घर हे सगळं एका ओळीत आटप आणि एकच प्रश्न धर: हे दोघं पिल्लाला काय भरवतात? उत्तर दोघांच्याही बाबतीत दूध असं आहे.

चकित होऊ नकोस, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीही झाले होते. पूर्वी बी.एस्सी.ला पारव्याचं विच्छेदन असायचं. पक्ष्याच्या गळ्याखाली अन्न साठवायची पिशवी असते, पुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात. एरवी ती पातळ, जवळजवळ आरपार दिसेल अशी असते. एका वर्षी एका मुलाच्या ट्रेमधल्या पारव्याची पिशवी जाड, गुलाबी आणि सुरकुतलेली निघाली, आणि आत पनीरच्या चुऱ्यासारखे पिवळट पांढरे कण. मुलगा म्हणाला, "मॅडम, हे कुजलंय वाटतं." मी म्हटलं, पोट उघड आणि नर आहे का मादी ते सांग. त्यानं शोधलं. नर होता. तो एका बापाचा दुधानं भरलेला गळा होता. त्या तासाला पुढचं काही शिकवलं गेलं नाही. मुलं एकामागून एक येऊन बघत होती. ज्याच्या घरट्यात पिल्लं वाट बघत असतील असा पक्षी आपण टेबलावर घेतला, हे माझ्या मनातून आजही गेलेलं नाही.

पारव्याचं जे, तेच होल्याचं, कारण कुळ एकच. अंडी फुटायच्या सुमाराला नर आणि मादी दोघांच्याही अन्नपुटाचं अस्तर जाड होतं, त्यातल्या पेशी प्रथिनांनी आणि चरबीनं भरतात आणि झडतात. तोच चुरा पिल्लाला मिळतो. पिल्लू आपली चोच आईच्या किंवा बापाच्या तोंडात घालून ते ओढून घेतं. पहिले काही दिवस फक्त हेच, नंतर त्यात हळूहळू भिजलेले दाणे मिसळत जातात. मादी फारतर दोनच अंडी घालते. तुझ्या घरट्यात दोन पिल्लं होती म्हणालीस, तो हिशेब जुळतो.

आता सील बघ. करड्या सीलचं पिल्लू जन्मतः १४ किलोच्या आसपास असतं. अंगावर पांढरी मऊ लव आणि सैल कातडी, जणू मोठ्या भावाचा सदरा घातलाय. आईच्या दुधात चरबी किती? आपल्या बायकांच्या दुधात साधारण ४ टक्के, म्हशीच्या दुधात ७ टक्क्यांच्या आगेमागे. सीलच्या दुधात ६० टक्क्यांपर्यंत. ते दूध ओतता येईल असं नसतंच, घट्ट सायच म्हणायची. पिल्लू रोज दीड ते दोन किलो वाढतं आणि अडीच-तीन आठवड्यांत ४५ किलोच्या घरात जातं. आणि ज्या आईच्या अंगातून हे येतं, ती या सगळ्या दिवसांत एक मासाही खात नाही. वाळूवर पिल्लाजवळ पडून असते आणि रोज साडेतीन किलोच्या आसपास स्वतः उतरते. समुद्रात महिनोन्‌महिने मासे खाऊन साठवलेली चरबी आटवून आटवून पिल्लात भरते.

मग एक दिवस ती उठते आणि पाण्यात निघून जाते. परत येत नाही.

सील साधारण १८ दिवस पाजते. होल्याचं पिल्लू साधारण १५ ते १९ दिवसांत घरट्याबाहेर पडतं. एक अडीचशे ग्रॅमच्या आतला पक्षी, दुसरी दीडशे किलोच्या वरची मादी, आणि पिल्लाला उभं करायला दोघांना लागणारे दिवस जवळजवळ सारखेच. लेकीची तीन मिनिटं इथंच भरतील.

माळरान

कृष्णाकाठ मॅडमनी १८ म्हटलं आणि मला राहवलं नाही. होल्याचं शास्त्रीय नावच १८ आहे! स्ट्रेप्टोपेलिया डेकाओक्टो. ग्रीक भाषेत डेकाओक्टो म्हणजे अठरा. गोष्ट अशी सांगतात की एका मोलकरणीला वर्षाला फक्त १८ नाणी मिळायची. तिनं देवांकडे गाऱ्हाणं घातलं, तेव्हा देवानं एक पक्षी घडवला, जो दिवसभर "डेका-ओक्टो, डेका-ओक्टो" म्हणत तिची मजुरी जगाला सांगत फिरतो. फ्रिवाल्डस्की या हंगेरियन निसर्गअभ्यासकानं १८३८ मध्ये हे नाव दिलं.

मी बार्शी, करमाळा, माढा या भागात २० वर्षं पक्षी बघतोय. ताई, तुमच्या आई फसल्या नाहीत, त्यांनी बरोबर ओळखलं. तोच पक्षी, तीच जात. आमच्याकडं चार-पाच प्रकारचे होले दिसतात आणि लोक सगळ्यांना सरसकट होला किंवा व्हला म्हणतात. पण मानेच्या मागं काळी अर्धी कंठी आणि बाकी अंग धुळीच्या रंगाचं, तो पठाणी. मानेवर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा पट असला तर ठिपकेवाला होला, तो कोकणात आणि झाडीत जास्त. लहान चणीचा आणि तपकिरी तो तपकिरी होला. पठाणीला उघडं कोरडं रान, बाभळी आणि ज्वारीची खळी आवडतात, म्हणजे आमची बार्शीच.

लेकीला एक मात्र नीट सांगा, नाहीतर वर्गात चुकीचं जाईल: तुमच्या भिंतीवरचे होले भारतातून उडत आलेले नाहीत. ही जात भारतापासून पश्चिम आशियापर्यंत मुळातच होती. गेल्या शतकात ती तुर्कस्तान आणि बाल्कन भागातून वायव्येकडे सरकत गेली, साऱ्या युरोपभर पसरली. ब्रिटनमध्ये पहिलं घरटं १९५५ मध्ये सापडलं. आणि कुठं? नॉरफकमध्येच, क्रोमरजवळ. तुमच्याच जिल्ह्यात!

शब्दनिष्ठ

चर्चा छान, पण एक आक्षेप. दूध हा सस्तन प्राण्यांचा शब्द आहे. स्तन नाहीत, ग्रंथी नाहीत, झडलेल्या पेशींचा चुरा आहे. त्याला दूध म्हणणं म्हणजे नारळाच्या दुधाला दूध म्हणण्यासारखं. लहान मुलीला असं शिकवलं तर पुढं गोंधळ होईल.

कृष्णाकाठ

शब्दनिष्ठ, आक्षेप रास्त आहे आणि मुलीनं तो वर्गात स्वतःहून सांगावा. ग्रंथी नाही, स्तन नाहीत, खरं आहे. पण नारळाचं उदाहरण पटत नाही. नारळाला कुणी हुकूम देत नाही की आता पिल्लू आलंय, दूध कर. होल्याला आणि सीलला मात्र हुकूम मिळतो, आणि हुकूम देणारा एकच आहे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, आपण तिला पीयूषिका म्हणतो. संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाला पीयूष म्हणतात, त्यामुळे मला हे नाव फार आवडतं. तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, निघतं. तुला मला पान्हा फुटला तो त्याच्यामुळे (मी बार्शीकरणीला म्हणतेय), सीलला फुटतो तोही त्याच्यामुळे, आणि होल्याच्या गळ्यातली पिशवी जाड होते तीही त्याच्यामुळेच.

हे संप्रेरक नाव देऊन ओळखीचं झालं ते पारव्यांमुळे. १९२८ मध्ये स्ट्रासबुर्गला स्ट्रिकर आणि ग्रूटर यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून सशाच्या मादीला दूध आणून दाखवलं होतं. पुढे १९३२-३३ मध्ये अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांचे सहकारी बेट्स आणि डाइकशॉर्न पारव्यांवर काम करत होते. अर्क टोचला की पारव्याचं अन्नपुट फुगतं, नराचंसुद्धा. दुधाचा हुकूम आणि अन्नपुटाचा हुकूम एकच आहे हे त्यांनी दाखवलं आणि प्रोलॅक्टिन हे नाव दिलं. त्यानंतर कित्येक वर्षं नमुन्यात प्रोलॅक्टिन किती आहे हे मोजायचं झालं तर पारव्याला टोचून त्याच्या अन्नपुटाचं वजन करत. माणसाचं प्रोलॅक्टिन वेगळं काढून दाखवणं १९७०-७१ च्या सुमाराला जमलं. म्हणजे आईच्या दुधाचं शास्त्र चाळीसएक वर्षं पारव्याच्या गळ्यावर तोललं गेलं. मग त्या चुऱ्याला दूध हा शब्द उसना द्यायला मला तरी जड जात नाही.

आणखी एक. सीलच्या दुधात साखर जवळजवळ नसते, होल्याच्या दुधातही नसते. आपलं दूध मात्र गोड. या एका बाबतीत सील आपल्यापेक्षा होल्याच्या जवळची आहे.

(ठाण्याच्या खाडीत जे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, तेही पिल्लांना असंच गळ्यातून तयार झालेलं भरवतात, आणि ते लालसर असतं. पण तो विषय पुढे कधीतरी.)

बार्शीकरीण

काकू, रात्री साडेअकराला मी हे सगळं तिसऱ्यांदा वाचतेय. सकाळी लेकीला वाचून दाखवलं तर तिचे दोन प्रश्न आले, तिच्याच शब्दांत देते. "सीलचा बाबा काय करतो?" आणि "आई निघून गेल्यावर त्याला कोण देतं?"

कृष्णाकाठ

बाबा काही करत नाही. किनाऱ्यावर असतो, दुसऱ्या नरांना हुसकावतो, आणि पाजणं संपत आलं की मादीशी जुळतो. तो गर्भ तीनेक महिने वाढायचाच थांबतो, म्हणजे पुढच्या वर्षीची वीण पुन्हा त्याच दिवसांत येते. नऊ वर्षांच्या मुलीला यातलं किती सांगायचं ते तू ठरव.

होल्याचा बाबा मात्र अर्धा वाटा उचलतो. दिवसा बहुधा तो अंड्यांवर बसतो, रात्री ती. पिल्लं घरट्याबाहेर पडली की त्यांना भरवायचं काम बरेचदा तोच सांभाळतो आणि ती पुढच्या अंड्यांकडे वळते. म्हणून वर्षात तीन-चार विणी सहज होतात. सील वर्षाला एकच पिल्लू देते आणि त्यात जवळचं सगळं ओतते.

आई गेल्यावर पिल्लाला कोणीच देत नाही. ते वाळूवर एकटं पडून राहतं, पांढरी लव झडते, खालून करडी कातडी येते. दोन ते चार आठवडे ते उपाशी असतं आणि आईनं भरलेल्या चरबीवर जगतं. मग भूक त्याला पाण्याकडे नेते. पोहणं, मासा धरणं त्याला कोणी शिकवत नाही. हे सांगताना वर्गात मुली रडायच्या. मी त्यांना तेव्हाही म्हणायचे की आई पळून गेलेली नाही, तिच्याजवळ द्यायला आता उरलेलं नाही. अजून थांबली तर तिचाच जीव धोक्यात येईल.

यारमथवाला

धागा उशिरा बघितला. मी ग्रेट यारमथला राहतो, गावाकडं मालवणचा. हॉर्सीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात स्वयंसेवक म्हणून उभा असतो.

ताई, नॉर्विचहून हॉर्सी तासाभराच्या आत आहे. लेकीला घेऊन याच. नोव्हेंबर ते जानेवारी पिल्लांचे दिवस. किनाऱ्यावर उतरू देत नाहीत, पण वाळूच्या टेकड्यांवरून दोरीच्या अलीकडून छान दिसतं. पिल्लू एकटं दिसलं तर ते सोडून दिलेलंच असेल असं समजू नका. आणि कधीही, अगदी कधीही, पांढऱ्या पिल्लाला पाण्यात ढकलू नका. ती लव पाणी अडवत नाही, पिल्लू गारठून मरतं. दरवर्षी कोणी ना कोणी चांगल्या मनानं हे करू बघतं. ५ डिसेंबर २०१३ च्या रात्री समुद्र चढून आला होता, तेव्हा शेकडो पिल्लं वाहून गेली किंवा आईपासून तुटली. पांढऱ्या पिल्लाला पाणी काय करतं ते तेव्हा या किनाऱ्यानं बघितलंय.

माळरान यांनी होल्याच्या कंठीचं लिहिलं ते वाचून मला एकदम दुसरी कंठी आठवली. मधे भोक असलेल्या प्लॅस्टिकच्या उडत्या चकत्या, फ्रिजबी, असतात ना, मुलं समुद्रावर फेकतात त्या. लाटेत गेली की तरुण सील खेळता खेळता डोकं आत घालतो. मग ती निघत नाही. सील वाढतो, चकती वाढत नाही. ती मानेत रुतत जाते, मांस कापत जाते. एक मादी २०१७ मध्ये हॉर्सीवरून उचलली होती, लोकांनी तिला मिसेस फ्रिजबीच म्हटलं. ईस्ट विंचच्या प्राणी रुग्णालयात ती चकती कापली, कित्येक महिने मिठाच्या पाण्यात ठेवून जखम भरवली आणि २०१८ मध्ये परत सोडली. तिला सोडलं, बाकीच्या कित्येक पकडताच येत नाहीत. माणूस जवळ गेला की पाण्यात जातात, ती चकती घेऊनच.

लेकीच्या वर्गात ३० मुलं असतील. तुलनेत एवढं जरूर घालायला सांगा: होल्याच्या मानेवरची कंठी निसर्गानं दिलेली असते, सीलच्या मानेवरची आपण घातलेली.

आणि नवखेपणाचं म्हणाल तर दोघंही इथं नवखेच. होला १९५५ चा. नॉरफकच्याच किनाऱ्यावरच्या ब्लेकनी पॉइंटवर २००१ मध्ये सीलची पिल्लं मोजली ती २५, आता हिवाळ्याला ३००० च्या वर जातात.

माळरान

यारमथवाले, वाचून अंगावर काटा आला.

ताई, परसात होल्यांना दाणे टाकत असाल तर भांडं आठवड्याला कडक पाण्यानं धुवा, ओले दाणे फेकून द्या. घशाचा एक रोग असतो, ट्रायकोमोनास या जंतूचा. ज्या भरवण्याबद्दल मॅडम सांगताहेत, त्याच वाटेनं तो आईबापांकडून पिल्लांत उतरतो, आणि घाण भांड्यावरून एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे.

बार्शीकरीण

मंडळी, शुक्रवार झाला.

लेकीनं काकूंचं ऐकलं आणि दुधाचंच धरलं. दुकानातून साखरेच्या एक-एक किलोच्या दोन पिशव्या नेल्या होत्या. त्या बाकावर ठेवून म्हणाली, सीलचं बाळ रोज एवढं वाढतं, आणि त्याची आई त्या दिवशी काहीच जेवत नाही. मग सगळ्यांना दोन्ही पिशव्या हातात घेऊन बघायला दिल्या. होल्यासाठी तिनं आमच्या भिंतीवरच्या घरट्याच्या काड्या नेल्या होत्या. सप्टेंबरच्या वाऱ्यात ते पडलं तेव्हा तिनं गोळा करून ठेवल्या होत्या, मला माहीतच नव्हतं. चकतीचं सांगितल्यावर एका मुलानं हात वर केला, म्हणाला आमच्या गॅरेजमध्ये तशी एक आहे. बाईंनी तीनऐवजी दहा मिनिटं बोलू दिलं. शब्दनिष्ठ, तुमचा आक्षेपही तिनं सांगितला, "काही लोक याला दूध म्हणत नाहीत" असा.

काल हॉर्सीला जाऊन आलो. वारा इतका की बोललेलं ऐकू येईना. टेकडीवरून खाली शंभरेक सील दिसत होते. दोरीच्या अगदी जवळ एक पिल्लू होतं, पाठीवरची पांढरी लव अर्धी गळलेली, खालून काळसर ठिपके, आणि अंग पिंपासारखं गोल. आई कुठंच नव्हती. तिथल्या एका स्वयंसेवक बाईंनी सांगितलं, परवा गेली.

लेकीनं बार्शीला फोन लावला आणि कॅमेरा त्याच्याकडे धरला. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माय गेली व्हय गं? आता त्याला कोण घालणार खायला?"

लेक म्हणाली, "आजी, त्याच्या अंगावर अजून महिनाभराचं आहे."